भिंतीचं निरूपण

शाळेच्या मुलींच्या हॉकी संघात एक रीत होती. मॅच संपली की, जिंकलेली असो नाहीतर हरलेली, कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांनी बाकांवर बसायचं. बुटाची नाडीसुद्धा सोडायची नाही. मग गोलकीपरने उभं राहून सगळी मॅच पहिल्यापासून सांगायची.

रीत घातली होती खेळाच्या बाईंनी. त्या म्हणायच्या, "बाकीच्या दहाजणी चेंडूमागे धावतात, त्यांना चेंडू दिसतो. सगळं मैदान दिसतं ते हिला एकटीला, कारण ही मागे उभी असते. आता जिला दिसलं तिनं सांगायला नको?"

या सांगण्याला नियम दोनच. आपल्या चुकीपासून सुरुवात करायची, हा पहिला. आणि खोलीत बसलेल्या प्रत्येकीचं एक तरी चांगलं काम सांगायचं, हा दुसरा. नाही सापडलं तर सापडेपर्यंत सगळ्यांनी तसंच बसून राहायचं, घामाने अंग चिकचिकलं तरी.

गोलकीपरला सगळ्या भिंत म्हणायच्या. अंगाने आडवी, आवाजाने खणखणीत. तिची आई शिवणयंत्रावर बसली की टाक्यांच्या तालावर देवाची गाणी म्हणायची, एखाद्या ओळीवर थांबून शेजारणींना तिचा अर्थ उलगडून सांगायची, मध्येच गोष्ट, गोष्टीत चिमटा. लेकीने ते सगळं कानांनी प्यालेलं. त्यामुळे ती मॅच सांगायला उभी राहिली की रंगायची.

"पहिला गोल माझा. चेंडू उजवीकडून येतोय हे दिसत होतं, पण मी आधी मनातल्या मनात 'अगं आई गं' म्हटलं आणि मग पाय टाकला. त्या 'अगं आई गं'मधून गोल गेला."

बाकांवर हसू.

"आता आपली मुंगी. मुंगी आज तीन वेळा पडली. पण बायांनो, तिन्ही वेळा समोरचीला घेऊन पडली, हे विसरू नका. एकटी पडेल तर ती मुंगी कसली!"

सगळ्यांत लहानखुरी मुंगी ओरडायची, "माझं कौतुक करतेयस की शिव्या देतेयस?"

"तुला जे लागू पडेल ते घे, बाई."

संघाने याला नावच ठेवलं होतं, भिंतीचं निरूपण. चार वर्षं ते चाललं. चार-एक गोलांनी हरून आलेल्या मुलीसुद्धा ते ऐकून उठायच्या तेव्हा पाय हलके झालेले असायचे. बाई दाराशी हाताची घडी घालून उभ्या राहायच्या आणि शेवटी भिंतीला एकच वाक्य सुनवायच्या. "पाय शेवटी, तोंड आधी. दिसलं आणि बोलली नाहीस, तर तो गोल तुझा."

शाळा संपली आणि अकराजणी अकरा दिशांना नाही, पण पाच-सहा दिशांना तरी गेल्या. मुंगी आणि आणखी तिघी गावातल्याच कॉलेजात राहिल्या. भिंतीला बांधकामाच्या अभ्यासक्रमाला जागा मिळाली ती आठ तासांवरच्या मोठ्या शहरात. बाबांनी बसच्या टपावर ट्रंक चढवली. आईने डब्याबरोबर एक वाक्य बांधून दिलं. "तिथे पुढे पुढे करता आलं नाही तरी हिरमुसू नकोस. मागे राहणाऱ्याला सगळं दिसतं. देव तरी कुठे पुढे येतो गं?"

ट्रंकेत, कपड्यांच्या खाली, गोलकीपरचे हातमोजे होते. वास मारत होते, पण धुतले तर चार वर्षं धुऊन जातील असं तिला वाटायचं.

कॉलेजच्या संघाची निवड दुसऱ्याच आठवड्यात झाली. गोलकीपर व्हायला सातजणी आल्या होत्या, घेतल्या दोन, दोघीही वरच्या वर्गातल्या. प्रशिक्षक भला माणूस. म्हणाला, "तुझा आवाज चांगला आहे हं. पुढच्या वर्षी ये." गोलकीपरला आवाज चांगला आहे म्हणणं म्हणजे स्वयंपाक कसा झाला विचारल्यावर ताट छान आहे म्हणणं. ती हातमोजे काखोटीला मारून वसतिगृहात परतली.

हेही पचलं असतं. पण पुढच्या आठवड्यात मेसमधला प्रकार झाला.

दुपारची गर्दीची वेळ. भिंत सवयीप्रमाणे भिंतीला पाठ लावून, सगळी खोली दिसेल अशा जागी बसलेली. एक मुलगी गरम सुपाचं ताट घेऊन रांगेतून निघाली, तिच्या मागून दुसरी ताट घेऊन घाईत येत होती. मैदानावर असं दिसलं की विचार करायचा नसतो. भिंतीच्या छातीतून चार वर्षांचा आवाज निघाला.

"मागे आली! डावीकडे फिर!"

दोनशे मुलींचे चमचे थांबले. सूपवाली, जी एरवी सुखाने आपल्या टेबलाशी पोचली असती, ती दचकली आणि आज्ञाधारकपणे डावीकडे फिरली. मागची तिथूनच येत होती. दोन्ही ताटं आकाशात, आणि सूप तिसरीच्याच पांढऱ्या शर्टावर.

त्या दिवसापासून तिचं नाव भोंगा पडलं. जिन्यात कुणी तिला पाहिलं की दुसरी बारीक आवाजात म्हणायची, "मागे आली, डावीकडे फिर!" आणि खिदळणं सुरू. तिने तोंडाला कुलूप घातलं. वर्गात मागच्या बाकावर बसायची ती आता बघायला नव्हे, लपायला. खोलीतल्या जोडीदारणीशी, जाड भिंगांच्या चष्मेवालीशी, दिवसाला सहा वाक्यं व्हायची, त्यातली चार पंख्याच्या बटणाबद्दल. आईशी फोनवर बोलताना मात्र ती सगळं झकास असल्याचं सांगायची, आणि दोन वाक्यांत फोन ठेवायची.

मग एके दिवशी मुंगीचा फोन आला. "इथल्या कॉलेजात एक जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी आहे. येतेस? गोलात सध्या मला उभं करतात, गं! चेंडू माझ्या डोक्यावरून जातो!"

शुक्रवारी संध्याकाळी भिंतीने अर्ज लिहिला. 'घरगुती अडचणीमुळे मला कॉलेज व वसतिगृह सोडण्याची परवानगी मिळावी.' घरी कसलीही अडचण नव्हती. शनिवारी ऑफिस बंद असायचं, म्हणून अर्जाची घडी करून तिने जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवली. सोमवारी दहाला द्यायचा, मंगळवारची बस. एवढं ठरलं आणि तिला त्या रात्री गाढ झोप लागली.

शनिवारी सर्वेक्षणाचं प्रात्यक्षिक होतं. चौघांचा गट. दुर्बिणीवर लांबू, ज्याच्या उंचीला तिपाईसुद्धा पुरत नव्हती. आकड्यांची बेरीज-वजाबाकी चष्मेवालीकडे. माणसाहून उंच अशी, आकडे रंगवलेली पट्टी धरायला गाणारी, जी झोपेतही गुणगुणत असावी. आणि वही लिहायला भिंत, कारण वही लिहिणाऱ्याला बोलावं लागत नाही.

काम सांगायला सोपं. ग्रंथालयाच्या पायरीत एक लोखंडी खिळा ठोकलेला, त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची माहीत. तिथून निघायचं, दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे वाचत एकेक टप्पा पुढे जायचं, अकरा टप्प्यांत सगळं आवार फिरून परत त्याच खिळ्याशी यायचं. बरोबर केलं असेल तर शेवटी खिळ्याची उंची जितकी होती तितकीच निघते. चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. एकच पथ्य पाळायचं. ज्या दगडावर पट्टी उभी केली, तिथून ती, दुर्बीण पुढे नेऊन तिच्यावरचा आकडा दुसऱ्यांदा वाचेपर्यंत, तसूभर हलवायची नाही.

सर पिकलेल्या मिशांचे आणि कडक. "पाच वाजता वही माझ्या टेबलावर. वहीबरोबर कच्ची आकडेमोड जोडायची, ज्या कागदावर केली असेल तोच कागद. नवीन कागदावर सुबक उतरवून आणली तर मी घेणार नाही. आणि आकडे बसवलेत तर मला वासावरून कळतं."

सहाव्या टप्प्याला ते हॉकीच्या मैदानाच्या कडेने चालले होते. मैदानावर सराव सुरू होता. काठ्यांचा टकटक आवाज भिंतीच्या कानावर पडला. तिने मान मुद्दाम वळवली नाही, चाळीस पावलांवर उभ्या गाणारीकडेच बघत राहिली. म्हणून तिला दिसलं.

माळीकाका हातगाडी ढकलत पायवाटेने आले. वाट अरुंद. गाणारीने पट्टी उचलली, बाजूला झाली, काकांना हसून वाट दिली आणि पट्टी परत टेकवली. पण टेकवली ती दगडावर नव्हे, दगडाशेजारी, गवतात.

लांबूने दुर्बीण पुढे नेऊन नुकतीच उभी केली होती. भिंतीच्या गळ्यापर्यंत आवाज आला. 'दगडावर ठेव!' एवढंच म्हणायचं होतं. पण मैदानावर बावीस मुली होत्या, त्यातल्या निम्म्या मेसमध्ये जेवणाऱ्या. तिला सुपाची ताटं आठवली. आवाज तिने गिळला. नीट दिसलं नसेल मला, असं स्वतःला सांगितलं. आणि नाहीतरी सोमवारी मी कोण आणि ही वही कोण?

लांबूने आकडा सांगितला. तिने लिहिला.

साडेतीनला ते ग्रंथालयाच्या पायरीशी परत आले. चष्मेवालीने बेरीज केली. पुन्हा केली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा केली.

"नऊ सेंटिमीटर," ती म्हणाली.

"मिलिमीटर म्हण," लांबू म्हणाला.

"सेंटिमीटर."

मग जे व्हायचं ते झालं. लांबू म्हणाला बेरीज चुकली असणार. चष्मेवाली म्हणाली, "मला बेरीज शिकवतोस? तू दुर्बिणीत डोळा घालून मैदानावरच्या मुली बघत होतास!" लांबू लाल झाला, म्हणजे ते अगदीच खोटं नसावं. मग दोघांनी मिळून गाणारीवर मोर्चा वळवला. "हिचं सारखं गाणं! पट्टी धरलीय की तंबोरा?" गाणारी पहिल्यांदाच गप्प झाली, आणि तिचे डोळे भरून आले.

"परत अकरा टप्पे दीड तासात होत नाहीत," लांबू पायरीवर बसत म्हणाला. "सरळ शेवटचा आकडा बसवून टाकू. आणि कुणी विचारलंच तर पट्टीवालीची चूक." बुटात गेलेला खडा काढायला तो नाडी सोडू लागला.

"बूट काढू नकोस," भिंत म्हणाली.

तिघांनी वर पाहिलं. ती कधी उभी राहिली हे तिलाही कळलं नव्हतं. समोर पायरी होती, पायरीवर तीन दमलेली, घामेजलेली, हरलेली माणसं बसली होती. हे दृश्य तिने चार वर्षं पाहिलं होतं. दाराशी हाताची घडी घालून कुणीतरी उभं आहे असंसुद्धा तिला वाटून गेलं.

"सगळं पहिल्यापासून सांगते. मध्ये कुणी बोलायचं नाही," ती म्हणाली. "आधी माझं. चूक कुठे झाली ते मला माहीत आहे. झाली तेव्हाच माहीत होतं. सहाव्या टप्प्याला पट्टी दगडावरून गवतात आली. मी बघितलं आणि तोंड उघडलं नाही. मला भोंगा म्हणतात ना, त्याची लाज वाटली. तर हा गोल माझा. हिचा नाही."

"गोल?" लांबूने चष्मेवालीला हळूच विचारलं.

"शू! पुढे ऐक."

"आता लांबू. लांबूने मैदानाकडे बघितलं, दोनदा. मी मोजलंय. पण दर टप्प्याला तिपाई रोवल्यावर त्याने दुर्बीण सपाट असल्याचं दाखवणारा बुडबुडा मध्ये आलाय की नाही ते तीन-तीन वेळा तपासलं, सरांनी एकदाच सांगितलं होतं तरी. चष्मेवालीने चौथ्या टप्प्याला माझ्या हातून उलटे पडलेले दोन आकडे पकडले आणि गाजावाजा न करता मला दाखवले. आणि ही आपली गाणारी. दोन तास ती पट्टी उन्हात सरळ धरून उभी आहे, हात बदलायलाही कुणी गेलं नाही. पट्टी हलवली ती कशासाठी? माळीकाकांसाठी. या आवारात सगळे त्यांच्यावर खेकसतात, हिने एकटीने वाट दिली. वाट दिली ते बरोबरच. फक्त परत ठेवताना मी ओरडायला हवं होतं. ते माझं काम."

गाणारीने बाहीने नाक पुसलं. "मग अकरा टप्पे नाही करायला लागणार?"

चष्मेवाली ताडकन उठली. "पाचव्यापर्यंतचं सगळं शाबूत आहे! सहाव्यापासून पुढे करायचं. चला, उठा! लांब्या, तिपाई!"

तो सव्वा तास भिंतीला आयुष्यभर लक्षात राहिला. ती ओरडली. मन भरेपर्यंत ओरडली. "पट्टी उजवीकडे झुकलीय! हां, आता सरळ! मागून सायकल येतेय, हलू नकोस, तीच वळेल! लांबू, तिपाईच्या डाव्या पायाखाली माती भुसभुशीत आहे!" मैदानावरच्या मुली थांबून बघू लागल्या. कुणीतरी ओरडलंच, "मागे आली, डावीकडे फिर!" यावर गाणारीने पट्टी न हलवता, सुरात, खड्या आवाजात उत्तर दिलं, "आमची आम्हाला आवडते, तुम्ही चेंडू सांभाळा!" मैदान हसलं, पण या खेपेला हसण्यात नख नव्हतं.

पाचला दहा मिनिटं असताना ते परत खिळ्याशी आले.

"कागद! कागद द्या कुणीतरी, माझे संपले," चष्मेवाली म्हणाली.

भिंतीने खिसे चाचपले. हाताला घडी लागली. कोरी बाजू वर करून तिने कागद पुढे केला. चष्मेवालीने तो गुडघ्यावर ठेवून भराभर आकडे मांडले.

"तीन," ती म्हणाली. "मिलिमीटर!"

लांबूने आनंदाने टाळी द्यायला हात वर केला. त्या उंचीवर कुणाचाच हात पोचेना.

कागद वहीला जोडताना चष्मेवालीने तो उलटला. वाचला. चष्म्याच्या वरून भिंतीकडे पाहिलं. "घरी काय अडचण आहे?"

"काही नाही. दे तो इकडे. मी दुसऱ्या कागदावर उतरवून देते."

"नाही हं. सर काय म्हणाले? ज्या कागदावर केली असेल तोच कागद." आणि तिने टाचणी टोचली.

"अगं, पण तो माझा अर्ज आहे!"

"नवा लिहायचा असेल तर लिही," चष्मेवाली शांतपणे म्हणाली, "पण मग पंख्याचं बटण कोण बंद करणार ते ठरवून जा. माझा हात पोचत नाही."

सहा वाक्यांच्या हिशेबात हे वाक्य कुठेच बसणारं नव्हतं. भिंत हसली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचंच आहे असं तिघांनीही मानून घेतलं.

सोमवारी दहा वाजता ती ऑफिसवरून गेली, पण वर्गात. बुधवारी वही परत आली. आकडेमोडीखाली सरांची बरोबरची खूण होती. कागदाच्या दुसऱ्या बाजूला, अर्जाखाली, लाल शाईत लिहिलं होतं. 'हा माझा विषय नाही. असाच राहू द्यावा.'

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. भिंतीने तिला सगळं सांगितलं, सुपापासून. शिवणयंत्र थांबल्याचा आवाज आला. "मला वाटलंच होतं," आई म्हणाली. "झकास असतं तेव्हा तू इतकं कमी बोलत नाहीस." आणि यंत्र परत सुरू झालं, गाण्यासकट.

सहामाही सुट्टीत ती गावी गेली तेव्हा पाय आपोआप शाळेकडे वळले. मॅच नुकतीच संपली होती, पोरी हरल्या होत्या. कपडे बदलायच्या खोलीत तोच ओल्या मोज्यांचा आणि चामड्याचा वास, त्याच खिडकीतून तेच तिरपं ऊन, बाकावर मुंगीने कोरलेली तीच मुंगी. दाराशी बाई हाताची घडी घालून उभ्या. त्यांनी नुसती मान हलवून तिला आत बसायला सांगितलं. भिंत शेवटच्या बाकावर जाऊन बसली, आणि का कोण जाणे, पायातल्या बुटांच्या नाड्या तिने जरा आवळून घेतल्या.

नवी गोलकीपर काटकुळी, आवाज अजून फुटायचा होता. "आधी माझं," ती चाचरत म्हणाली, "दुसरा गोल मला दिसत होता, पण..." आणि हळूहळू एकेक नाव घेत ती पुढे सरकू लागली. कुणी हसलं, कुणी लाजलं. दहाही झाल्या. तिने दाराकडे पाहिलं, बाई हलेनात. खोलीत बसलेल्या प्रत्येकीचं, हा नियम होता. पोरीची नजर शेवटच्या बाकावर आली आणि अडकली. या कोण, कधी आल्या, काय केलं, काहीच तिला माहीत नव्हतं.

सगळ्या थांबल्या. घामाने चिकचिकत थांबल्या.

पोरीने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, परत पायांपाशी आली, आणि तिचा चेहरा उजळला.

"आणि या मागच्या ताई," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "या आपल्या संघात नाहीत, तरी यांनी बूट काढले नाहीत."